ओढ्याच्या पुलाचा कठडा

पिंड ठेवून बराच वेळ झाला, ऊन डोक्यावर आलं, तरी कावळा शिवेना.

कावळे नव्हते असं नाही. नदीकाठच्या उंबरावर आठ-दहा बसले होते. माना तिरक्या करून भाताच्या गोळ्याकडं बघायचे आणि पुन्हा चोची फांदीला घासत बसायचे. खाली वाळूत शंभरेक माणसं ताटकळत उभी होती. कुंडलिक मुकादमाचा दहावा होता. तीस वर्षं रस्त्याच्या कामावर मुकादमी केलेला माणूस. कामथडीपासून वरव्यापर्यंत ज्यांनी ज्यांनी त्याच्या हाताखाली खडी फोडली होती, ते सगळे आले होते.

रतनबाई बायकांच्या घोळक्यात उभी होती. ती मुकादमाची एकुलती एक मुलगी, हिरडपेठेतल्या मुलींच्या शाळेवर मास्तरीण. बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि तेराव्या वर्षी मानमोडीच्या साथीत नवरा गेला. भावकी तोंडात शेण घालत असताना बापानं तिला पुण्याला ट्रेनिंगला धाडलं. तिथून ती शिकून आली ती ट्रंकेत कपड्यांपेक्षा पुस्तकंच जास्त घेऊन. कावळ्याच्या रूपानं मेलेला माणूस येतो, यावर तिचा विश्वास नव्हता. तरी पण दहा दिवसांत पहिल्यांदाच तिची नजर एका जागी ठरली होती, आणि ती जागा त्या उंबराची फांदी होती.

पिंडदान तिच्या चुलतभावानं, गेनूनं केलं होतं. तो हात जोडून पुढं झाला.

"तात्या, आक्काला अंतर देणार न्हाई. माज्या घरचा पयला घास तिचा."

कावळे हलले नाहीत.

"बैलजोडी इकणार न्हाई, तात्या."

"आरं, बैलात त्याचा जीव कशाला आडकंल?" मागून कोणी म्हातारा म्हणाला. "त्याचा जीव कुठं आडकलाय ते साऱ्या पेठेला ठावं हाय."

आणि खरोखरच साऱ्या पेठेला ते ठाऊक होतं.

पेठ आणि शाळा यांच्यामधून ओढा वाहायचा आणि त्यावर एक दगडी पूल होता. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात त्या पुलाचा खालच्या अंगाचा कठडा वाहून गेला. पूल एवढा अरुंद, की एक बैलगाडी आली तर माणसानं अंग चोरून उभं राहायचं. खाली दोन पुरुष खोलीवर नुसते खडक. बुधवारी बाजार भरायचा, तेव्हा डोंगरातल्या वाड्यांवरून मेंढरांचे कळप याच पुलावरून उतरायचे. कुंडलिक मुकादमानं म्युनिसिपालिटीकडं सहा अर्ज केले. अर्ज सांगायचा तो, लिहायची रतन. 'दगड ओढ्यातच पडला आहे, चुना तेवढा लागेल, मजुरी मी स्वतः करीन,' असंही शेवटच्या अर्जात होतं. उत्तर न आल्यावर त्यानं एका सकाळी स्वतःच गुडघाभर उंचीची दगडांची रास रचली. चौथ्या दिवशी म्युनिसिपालिटीच्या शिपायांनी ती ढकलून दिली. सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना बांधकाम, अशी नोटीस घरी आली. ती मात्र तीन वर्षं न लागता आली.

आणि भाद्रपदातल्या एका बुधवारी, भाजीची पिशवी घेऊन परत येताना, समोरून गाडी आणि मागून मेंढरं अशा कोंडीत सापडून तो एक पाऊल बाजूला सरला.

त्या दिवशी शाळेला बाजारची सुट्टी होती. रतन घरी डाळ निवडत बसली होती.

नदीकाठी लोकांच्या नजरा हळूहळू एका माणसाकडं वळल्या. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष मानसिंगराव सावलीला छत्री उघडून उभे होते. दहाव्याला यायचा त्यांचा नेम होता, कोणाच्याही. ते छत्री मिटून वाळूत उतरले. वहाणा काढल्या, हात जोडले.

"कुंडलिकराव," खणखणीत आवाजात ते म्हणाले, "दिवाळीच्या आत ओढ्याच्या पुलाला कठडा बांधून देतो. या नदीच्या साक्षीनं सांगतो. आता मोकळे व्हा."

एक कावळा फांदीवरून सुटला, सरळ खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच मारली. पाठोपाठ बाकीचे.

"शिवला! शिवला!" घोळक्यातून सुस्कारा निघाला. शेजारच्या बाळाबाईनं रतनला पोटाशी धरलं. "बघ गं, पोरी. त्याच्यातच जीव व्हता बघ." आणि रतनबाई, जिचा या कशावरच विश्वास नव्हता, ती तिथं वाळूत बसून ढसाढसा रडली. बापाचं काम झालं म्हणून रडली. चूक झाली ती तिथंच. शंभर माणसांसमोर दिलेला शब्द तिला पुरेसा वाटला. कागद मागायचं तिला सुचलंच नाही.

दिवाळी आली आणि गेली. मोटारीच्या अड्ड्यावर म्युनिसिपालिटीनं नवी कमान उभी केली. पूल होता तसाच राहिला.

कार्तिकात ती कचेरीत गेली. मानसिंगरावांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वागायला गोड होता.

"तुमच्या वडिलांसारखा माणूस होणे नाही, रतनबाई."

"कठड्याचं विचारायला आले होते."

"हो, कठडा." त्यांनी कारकुनाला हाक मारली. "चिमाजी, मुकादमांचा अर्ज काढा बरं."

चिमाजी कारकुनानं दप्तर सोडलं आणि खालच्या मानेनं शेरा वाचला. "'अर्जदार मयत. सबब दप्तरी दाखल.'"

"म्हणजे काय?"

"म्हणजे बंद झाला, बाई."

"पण अध्यक्षांनी नदीवर शब्द दिला होता."

"दिला होता ना," मानसिंगराव म्हणाले. ते रागावले नाहीत, हीच वाईट गोष्ट होती. "मी नाही कुठं म्हणतो? आत्म्याला शांती मिळावी म्हणून दिला, आणि मिळाली. तुमच्या डोळ्यांसमोर कावळा शिवला. त्यांची तक्रार मिटली, बाई. मग आता तक्रार कोणाची आहे?"

"माझी."

"मग तुम्ही पेठेतर्फे अर्ज करा. चाळीस घरांच्या सह्या आणा. सभेपुढं ठेवू. चहा घ्या, निवतोय."

तिनं चहा घेतला नाही. घरी येऊन तिनं सातवा अर्ज लिहिला. सांगणारं कोणी नव्हतं, त्यामुळं तो लवकर लिहून झाला. मग ती कागद, दौत आणि अंगठ्याची शाई घेऊन घरोघर फिरली. पहिलं घर शेजारच्या बाळाबाईचं.

बाळाबाईनं पाट दिला, कागदाकडं बघितलं आणि हात पदराखाली घेतला.

"रतन, आगं, खुळी का काय तू? कावळा शिवला न्हवं?"

"मावशी, कावळा कठडा बांधतो का?"

"तसं न्हवं. तुजा बा सुटला. आता तू परत कागुद करून सांगायला लागलीस, की त्याची विच्छा ऱ्हायलीय, तर त्याचा जीव परत हितंच घुटमळंल का न्हाई? म्या अंगठा द्यायचा, आन् रातीला मुकादम आमच्या वळचणीला?"

"तुमच्या नाती रोज त्या पुलावरून शाळेत येतात."

"येत्यात की. दमानं येत्यात." बाळाबाई उठलीच. "बापाच्या माघारी त्याचं नाव असं खाली-वर करू न्हाई पोरीच्या जातीनं."

एकोणचाळीस घरांनी हेच सांगितलं, कोणी हळू, कोणी चिडून. गेनूनं सुद्धा. "आक्का, दहावा म्या केलाय. म्याच जर म्हनलो, की तात्या मोकळा झाला न्हाई, तर माज्या हातची क्रिया फुकाट गेली म्हनायची. भावकीत काय तोंड दावू?" रतननं पुष्कळ पुस्तकांत अज्ञानाबद्दल वाचलं होतं, पण हे अज्ञान नव्हतं. अज्ञान एवढं सोयीचं नसतं. सगळ्यांना सही नको होती, आणि सगळ्यांकडं आता एक पवित्र कारण होतं.

एकच अंगठा मिळाला, तोही न मागता. बुधवारी बाजारात घोंगडी खांद्यावर टाकलेला एक माणूस तिच्यापुढं येऊन उभा राहिला. डोंगरातल्या धनगरवाड्यावरचा हैबती.

"बाई, ती मेंढरं माजी व्हती," तो म्हणाला.

"म्या वरडलो. मुकादम म्हनले, 'आरं, जनावराला काय कळतंय, तू दमानं घे.' येवढं म्हनले आन् दिसंनासं झाले. तवापासनं पूल मोकळा झाल्याबिगार मेंढरं घालत न्हाई म्या. कागुद कुठं हाय?"

त्यानं असा जोरात अंगठा दाबला की शाई कागदाच्या पलीकडं उमटली.

चिमाजीनं तो अर्ज दोन्ही बाजूंनी बघितला. "बाई, हा हैबती म्युनिसिपल हद्दीतला नाही. धरता येणार नाही."

"पूल हद्दीत आहे ना? पडणारा माणूस हद्दीतच पडणार."

चिमाजीनं चष्मा काढून पुसला. "मी कारकून आहे, बाई."

पुढच्या बुधवारी सकाळी रतनबाई बापाची काठी घेऊन पुलावर गेली. जिथं कठडा तुटला होता तिथं, अगदी कडेला, ओढ्याकडं पाठ करून उभी राहिली. मेंढरं आली की काठी आडवी धरायची. गाडी आली की बायका-पोरींना वरच्या अंगाला घ्यायची. पहिल्या बुधवारी लोक हसले. "मास्तरणीनं आता म्हसोबाचा वसा घेतलाय," पानवाला म्हणाला. दुसऱ्या बुधवारी एका म्हातारीनं जाता जाता तिच्या पायाला हात लावला, ते तिला हसण्यापेक्षा जास्त लागलं. पौषात लोक सवयीनं तिच्या काठीकडं बघून चालायला लागले. पोरी तिच्या पदराला धरून पलीकडं जायच्या. एकदा एका गाडीचा बैल बुजला आणि एक मुलगी कडेला गेली. रतनबाईनं तिला दंडाला धरून मागं खेचलं. मुलीची आई म्हणाली, "बाई, जरा हळू वढायचं. दंड लाल झाला की तिचा."

फाल्गुनात चिमाजी कारकून स्वतः शाळेत आला. मुली बाहेर खेळत होत्या. त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला.

"संस्थानातून साहेब तपासणीला येऊन गेले. पुलाविषयी विचारलं त्यांनी. हा गेलेला जबाब. मी नक्कल केली. तुम्हाला दाखवू नये, पण दाखवतो."

'सदर पुलावर बाजारच्या दिवशी देखरेखीची कायम व्यवस्था आहे. भाद्रपदापासून एकही अपघात नाही. सबब तूर्त कठड्याची जरुरी दिसत नाही.'

रतनबाईनं तो दोनदा वाचला. अक्षर चिमाजीचंच होतं, वळणदार.

"ही व्यवस्था कोणाची?"

"तुमचीच की, बाई."

"आणि मी गेले नाही तर?"

चिमाजीनं दाराबाहेर बघून घेतलं. मग म्हणाला, "तर साहेबांना खोटी माहिती गेली असं होईल. मग कदाचित चौकशी, मग कदाचित कठडा. पण त्याच्या आधी..."

"त्याच्या आधी कोणीतरी पडायला हवं."

त्यानं कागदाची घडी खिशात घातली आणि तो निघून गेला.

त्या बुधवारी रतनबाई घरी राहिली. तिनं दार लोटून घेतलं आणि पुस्तक उघडून बसली. एकच पान होतं समोर. लांबून मेंढरांच्या घंटा ऐकू यायला लागल्या. कोणी पडावं असं तिला वाटत नव्हतं. पण कोणी पडल्याशिवाय काही होणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. या दोन वाक्यांच्या मध्ये बसायला फारशी जागा नव्हती.

दार ढकलून बाळाबाई आत आली. धापा टाकत होती.

"आगं, हितं काय बसलीस? तिकडं पोरी खोळंबल्यात, गाड्या तटल्यात. समदी पेठ म्हनतीय, आज बाई कशी आली न्हाई? घेतलेलं काम असं मधीच टाकायचं व्हय?"

"मावशी, ते काम माझं नाही."

"मंग कुनाचं?" बाळाबाईला मनापासून प्रश्न पडला होता. "माज्या दोनी नाती गेल्यात की गं बाजाराला. ऊठ."

रतनबाई उठली. पुस्तकात खूण न घालताच तिनं ते मिटलं आणि काठी घेतली.

पुलावर तिला बघताच माणसं आपोआप बाजूला झाली. बाळाबाईच्या नाती एकमेकींना चिकटून कडेला उभ्या होत्या. तिनं त्यांना आत घेतलं आणि स्वतः त्यांच्या जागी, ओढ्याकडं पाठ करून उभी राहिली. हैबतीनं मेंढरं पलीकडंच थोपवून धरली होती. मग मानसिंगरावांचा छकडा आला. नवी कमान बघायला पाहुणे आले होते आणि ते त्यांना बरोबर घेऊन निघाले होते. रतनबाईला बघून त्यांनी अदबीनं नमस्कार केला आणि पाहुण्यांना काहीतरी सांगितलं. पाहुण्यांनीही माना हलवून नमस्कार केला.

छकड्याचं चाक तिच्यापासून हातभरावर येऊन थांबलं. गाडीवान वाकून म्हणाला, "बाई, जरा मागं सरा."

रतनबाई होती तिथंच उभी राहिली.