आप्पांच्या आठवणी, टकटक वगळून

टपालखात्यातून निवृत्त झाल्यावर आप्पांनी आत्मचरित्र सांगायला घेतलं. लिहायचा कंटाळा, म्हणून जेवणाच्या टेबलावर मोबाइल ठेवून ते बोलायचे. सुरुवातीलाच जाहीर करायचे, "आमची ही शेजारीच बसलेली आहे. काही चुकलं तर टोकेलच." मग ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर साफ करून नातेवाइकांना पाठवायचं, हे काम लेकाच्या गळ्यात पडलं.

साफ करण्यासारखं बरंच होतं. पंखा दर फेरीला टिकटिकायचा, खुर्ची करकरायची, आणि मुद्दा रंगला की आप्पा चष्म्याची डबी टेबलावर आपटायचे. लेक कानाला हेडफोन लावून एकेक टक्क शोधायचा, पडद्यावरची त्या आवाजाची उभी रेघ मोठी करून पुसायचा. थोड्याच वेळात त्याचे डोळे पांढरे झाले. शेवटी त्याने टकटक आपोआप काढायचं बटण दाबलं आणि तो चहा करायला गेला.

बटणाने काम चोख केलं. जे जे तुटक, टणक ऐकू आलं, ते ते उडवलं. त्यात आईही गेली.

आई शेंगा सोलत बसायची. आप्पांना मधे तोडायची नाही. वाक्य संपलं की जिभेने नुसतं 'च्च' करायची. "घर घ्यायचं माझ्याच डोक्यात आलं." च्च. "हिला गाडी मी शिकवली." च्च, च्च. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तेवढं पुरत होतं. प्रोग्रॅमला मात्र ती आणि पंखा सारखेच.

लेकाने घाईघाईत थोडं ऐकलं, आवाज कसा लख्ख निघालाय म्हणून स्वतःवरच खूश झाला, आणि पाठवून दिलं. मूळ फाइल उगाच जागा अडवते म्हणून तीही पुसली.

दुसऱ्या दिवशी आईच्या भावाचा फोन आला. "ताई, भावजींना गाडी तू शिकवलीस असंच मी आजवर समजत होतो."

"मग कुणी शिकवली?"

"पण तू तिथेच बसली होतीस की! एकदासुद्धा टोकलं नाहीस."

आईने सगळं रेकॉर्डिंग नीट ऐकलं. मग लेकाला हाक मारली. "माझं कुठंय?"

"तुझं काय?"

"मी इतक्यांदा च्च केलं, ते."

"अगं, त्या प्रोग्रॅमला वाटलं टकटकच आहे."

"मग परत घाल."

"मूळ फाइल उडवली गं मी."

"जाऊ दे," आप्पा फारच समजूतदारपणे म्हणाले. "छान झालंय. पोराला कशाला त्रास?"

पुढच्या वेळी मात्र आई खुर्ची ओढून मोबाइलच्या जवळ बसली. आप्पा सुरू झाले, "तर कचेरीत संप झाला, तेव्हा पुढारीपण साहजिकच माझ्याकडे—"

"नव्हतं. तुम्ही तेव्हा माझ्या माहेरी लपून बसला होतात. आणि आता गाडीचंही सांगते."

तिने गाडीचं सांगितलं, घराचं सांगितलं. आप्पा तोंड उघडून श्वास घ्यायच्या आत तिचं पुढचं वाक्य यायचं.

संध्याकाळी आप्पा लेकाच्या खोलीत आले, दार लोटून घेतलं. "काय रे, अख्खी वाक्यं काढता येतात का?"

"येतात. पण ती हाताने काढावी लागतात, आप्पा, आणि मला याच घरात जेवायचंय."

त्याने फक्त पंखा आणि खुर्ची काढली, आणि पाठवून दिलं. मामाचा फोन आला तो आप्पांनीच उचलला.

"भावजी," मामा म्हणाला, "या खेपेला अगदी स्वच्छ ऐकू आलं हो!"

आप्पांनी फोन आईकडे दिला.