न पाठवलेलं मत

मी एक मतपत्रिका बोलतेय. घाबरत घाबरतच बोलतेय, कारण आम्ही बोलायचं नसतं. गुपचूप लिफाफ्यातून जायचं, मोजलं जायचं आणि नंतर कुठल्याशा खोक्यात पडून राहायचं. मी मात्र गेलेच नाही.

माझा जन्म सौदीतल्या खोबर शहरात, चौथ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, दुपारच्या बांगेच्या वेळी झाला. प्रिंटर खडखडला आणि मी गरमगरम बाहेर पडले. मला उचललं त्या बाईचं नाव दर्शना तुस्कानो. माहेर वसईचं, घर पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. लग्नानंतर तिने अकरा वर्षं अमेरिकेतल्या पिट्सबर्गला काढली, तिथलं नागरिकत्व घेतलं. नवरा उन्मेष याच्या बँकेतल्या नोकरीमुळे ती इथे आली. आता तिकडे, पिट्सबर्गच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, गव्हर्नरची निवडणूक होती. परदेशातल्या मतदाराला पत्रिका ईमेलने येते. ती घरी छापायची, खूण करायची आणि टपालाने धाडायची.

माझ्या अंगावर वरच दोन नावं होती. एक बाई, एक गृहस्थ. बाई गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने उभ्या होत्या. गृहस्थांनी गर्भपातावर जवळजवळ पूर्ण बंदी आणायचं वचन दिलं होतं. दर्शनाने ती नावं वाचली आणि पेन खाली ठेवलं. मी दचकले. मला वाटलं, माझ्यातच काही चुकलंय.

उन्मेष म्हणाला, "अगं, तिथे लाखो लोक मत देतात. तुझ्या एका खुणेनं काय उलटंपालटं होणार आहे?"

"माझंच होईल," ती म्हणाली.

तो चहा टाकायला गेला.

तिला काय छळत होतं ते मला त्या संध्याकाळी कळलं. वसईहून तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी टेबलावरच होते. पिट्सबर्गला दर्शनाला पाचवा महिना असताना अवेळी गर्भाचं पाणी गेलं होतं. अंगात जंतूंचं विष पसरायला लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तासाभरात गर्भ काढायचा निर्णय घेतला. दर्शना वाचली, बाळ गेलं. आईला वाटत होतं, हीच मुलगी आता त्या बाईंना मत कसं देऊ शकेल? ज्या बाळाला नाव ठेवलं, ज्याच्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना लावली, ते माणूस होतं ना?

"होतं," दर्शना म्हणाली. "म्हणून तर पेन उचलवत नाही."

"तुझं वेगळं होतं गं. ते देवानं नेलं."

"वेगळं होतं हे त्या डॉक्टरला कुणी सांगायचं, आई? बंदीच्या भीतीनं तिनं आधी वकिलाला फोन केला असता, तर आज तू कुणाशी बोलत असतीस?"

आई हळूच म्हणाली, "आणि जी कुणाला नकोच होती, त्या लेकरांसाठी कोण बोलणार?"

मी तर साधा कागद. माझ्या अंगावर मात्र काटा आला.

इथे चर्च नाही, त्यामुळे इथले कॅथलिक शुक्रवारी पूल ओलांडून बहारीनला मिस्सेला जातात. त्या शुक्रवारी मीही तिच्या पर्समध्ये होते. पुलावरच्या तपासणीत पर्स उघडली तेव्हा माझा जीव उडाला. अधिकाऱ्याने फक्त पासपोर्ट पाहिले आणि 'यल्ला', चला, म्हणून हात हलवला.

मिस्सा संपल्यावर दर्शना केरळच्या एका वयस्कर फादरांजवळ बाकावर बसली आणि हिंदीत सगळं बोलली. मला आशा होती, हे आता एक नाव सांगतील आणि सुटका होईल. फादरांनी नाव सांगितलंच नाही. गर्भपात व्हावेत म्हणून त्या बाईंना मत द्यायचं असेल तर ते पाप, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गर्भपात तुला मान्य नसेल आणि दुसऱ्या गंभीर कारणासाठी देत असशील, तर ते कारण खरंच तेवढ्या तोलाचं आहे का, हे तुलाच पाहावं लागेल.

"ती जागा तुझी आणि देवाची आहे, बेटी. तिथे मी पाऊल ठेवत नाही."

केवढं हे! एवढं मोठं चर्च, त्याचे फादर, आणि ते एका बाईच्या मनाच्या दाराशी चप्पल काढून उभे राहिले. मी पर्समध्ये श्वास धरून बसले होते.

निघताना त्यांनी एक जुनी रीत सांगितली. एक दिवस असं जग की हे ठरलंय, दुसरा दिवस असं की ते ठरलंय. मग मन कुठे टिकतं ते बघ.

दर्शनाचं काम सॉफ्टवेअर तपासायचं. कुठलीही गोष्ट खरोखर करून पाहिल्याशिवाय तिला चालत नाही. घरी येऊन तिने आणखी एक पत्रिका छापली. माझी जुळी बहीण! माझ्यावर तिने गृहस्थांच्या नावापुढे खूण केली, बहिणीवर त्या बाईंच्या. जाणार मात्र एकच.

माझा दिवस चांगला गेला. दर्शना दोन घास जास्त जेवली, कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणली. दुपारी डोळा लागला आणि ती किंचाळून उठली. तिला दिसली होती ती डॉक्टरीण; हातमोजे घालून, दारात थांबलेली, कुणाच्या तरी परवानगीची वाट बघत.

बहिणीचा दिवस वाईट गेला. फोडणी करपली. दर्शना ओट्याशी रडली, जपमाळ घेऊन बसली, पुन्हा रडली. पण सगळा वेळ ती जागी होती. कशाकडेही तिने पाठ फिरवली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बहिणीला लिफाफ्यात घातलं, सही केली. मग आईला फोन लावला.

"आई, मी त्या बाईंना दिलं."

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"बाळासाठी प्रार्थना करतेस ना?"

"रोज."

"आणि त्या बाकीच्या लेकरांसाठी?"

"आजपासून."

"बरं. जेवून घे," आई म्हणाली आणि फोन ठेवला. आशीर्वाद होता की राग, ते दोघींनाही कळलं नसावं.

मला वाटलं, आता माझे तुकडे होणार. उन्मेषने हात पुढेही केला होता. दर्शनाने मला त्याच्या हातून काढून घेतलं, चार घड्या घातल्या आणि तिच्या मराठी प्रार्थनापुस्तकात ठेवलं.

तिथे आधीच पिट्सबर्गच्या इस्पितळातलं एक कार्ड होतं. त्यावर काळ्या शाईत दोन पावलं उमटवलेली. एकेक पाऊल दर्शनाच्या अंगठ्याच्या पेराएवढं, पाच बोटं मात्र पूर्ण, वेगवेगळी. मी पाहतच राहिले. अजून पाहतेय.

माझी मोजणी कधी होणार नाही. तरी रोज सकाळी पुस्तक उघडतं, माझी एकेक घडी सुटते, आणि दर्शना त्या न मागितलेल्या लेकरांसाठी ओठ हलवते. तुम्हीही असं काही ठरवाल तेव्हा घाबरत घाबरत एवढंच मागते: ज्या बाजूला नाही म्हणालात, तिला फाडू नका. या कार्डाशेजारी माझ्यासारखीलाही जागा पुरते.