बंद इंजिनावरचं माप

"बाई, पाय जास्त नका दाबू. आहे तितकाच ठेवा," कय्युम मिस्त्री म्हणाला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

नगावबारीचा चढ लागला होता. चारुलताबाईंच्या गाडीने दुसरा गिअर सोडला, पण तिसरा पकडायच्या आधी इंजिन एकदम ओरडलं. वेग मात्र होता तिथेच. मग मागून कुणी ढकलावं तशी गाडी हिसकली. एक ट्रकवाला हॉर्न वाजवत, हात नाचवत पुढे निघून गेला.

"फिरवा आता गाडी," मिस्त्री म्हणाला.

"डोळे मिटून काय कळलं?"

"डोळे उघडे राहिले ना बाई, तर ट्रकच दिसतो. गाडी ऐकू येत नाही."

बाई हसल्या, पण हसू फार टिकलं नाही. "कय्युमभाई, मला गोल गोल सांगू नका. बदलीचा अर्ज भरायची आज सहापर्यंत मुदत आहे. गाडी अजून दोन वर्षं चालणार असेल तर मी भरत नाही. नसेल चालणार तर भरते. तुम्ही म्हणाल ते."

मिस्त्रीला बाईंची शाळा माहीत होती. सोनगीरच्या पुढे, फाट्यापासून तीन किलोमीटर आत, वस्तीवरची दोन खोल्यांची शाळा. तिथे एसटी जात नाही. बाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. क्लच दाबायचा तर डावा पाय लागतो. म्हणून त्यांनी बारा वर्षांपूर्वी ही आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी घेतली. तेव्हापासून शहरातली बदली दोनदा नाकारली. वस्तीवरची पोरं गाडीचा आवाज ऐकूनच रांगेत उभी राहतात, असं त्या सांगत.

देवपुरातल्या त्याच्या गॅरेजपाशी गाडी येऊन थांबली. मिस्त्री उतरला आणि त्याने बॉनेट उघडलं.

"इंजिन बंद करू?" बाईंनी आतून विचारलं.

त्याची पद्धत ठरलेली होती. इंजिन बंद करायचं, दहा मिनिटं गाडीला दम खाऊ द्यायचा, मग तेलाची दांडी काढायची, पुसायची, पुन्हा बुडवायची, आणि तेल कुठवर लागलंय ते पाहायचं. चाळीस वर्षं जीपा आणि ट्रॅक्टर त्याने असेच तपासले. इतर मिस्त्री दोन मिनिटंही थांबत नाहीत, हे तो गिऱ्हाइकांना आवर्जून सांगे.

"करा बंद," तो म्हणाला.

"नको. मघाशी सिग्नलला गिअर डी वर टाकल्यावर गाडी किती वेळ हललीच नाही. आता बंद केली आणि पुन्हा नाहीच हलली तर? असंच बघा ना."

"घाबरता काय बाई! बरं, राहू द्या चालू." त्यांची समजूत म्हणून त्याने चालू इंजिनावरच गिअरबॉक्सची दांडी ओढली.

दांडीच्या टोकाला तेलाचा थेंब नव्हता.

त्याने ती पुसली आणि पुन्हा घातली. पुन्हा कोरडी. त्याने गाडी बंद करायला लावली आणि उंबराखालच्या बाकावर जाऊन बसला. दहा मिनिटांनी दांडी काढली, तर तेल बरोबर खुणेपर्यंत आलेलं. त्याने बोटावर घेऊन वास घेतला. लाल असायला हवं ते तेल तपकिरी झालं होतं आणि त्याला करपलेल्या डाळीसारखा वास येत होता.

आता मिस्त्रीच्या लक्षात आलं. या गाडीत गिअर बदलण्याचं काम माणसाचा पाय करत नाही, तेलाचा दाब करतो. इंजिन चालू झालं की तेल वर चढतं आणि सगळीकडे फिरतं. इंजिन बंद केलं की ते हळूहळू खाली उतरून साचतं. जितका वेळ थांबाल, तितकं माप भरल्यासारखं दिसतं. दोन वर्षांपूर्वी हे तेल त्यानेच बदललं होतं. भरून, दहा मिनिटं थांबून, खूण पाहून. तेव्हापासून दर दिवाळीला त्याने तसंच मोजलं, आणि "फुल आहे बाई, बिनधास्त जा" म्हणून बाईंना पाठवलं. कमी तेलावर, शाळेच्या वाटेवरच्या त्या चढावर, दोन वर्षं.

"काय झालंय?" बाई काठी टेकत खाली उतरल्या होत्या.

जुनी गाडी आहे, वय झालं तिचं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. वाक्य त्याच्या जिभेवर तयार होतं. खोटंही नव्हतं ते पूर्ण.

"गिअरबॉक्सच्या आतल्या प्लेटा जळाल्या, बाई. त्या आता मिळत नाहीत. तेल पुरं भरलं तर काही दिवस सांभाळून घेईल, पण दोन वर्षं नाही. आणि ते माझ्यामुळे झालंय."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. दांडी हातात धरून, चालू इंजिनावर किती, बंद इंजिनावर किती, सगळं.

"तुम्ही दर वेळेला दहा मिनिटं थांबायचात," बाई म्हणाल्या. "मी घरी कौतुकाने सांगायचे. आमचे मिस्त्री घाई करत नाहीत."

"हां."

"वर्गात पोरानं आपणहून चूक सांगितली की मी त्याला शाबासकी देते. आज नाही जमत मला, कय्युमभाई."

"नका देऊ, बाई."

त्या बाकावर बसल्या आणि मोबाइलवर अर्ज उघडला. मिस्त्रीला उभं कुठे राहावं कळेना.

"अशी गाडी अजून कुणाची आहे तुमच्याकडे?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"गिरधर नानांची. नरडाण्याला."

"मग लावा फोन."

त्याने लावला. पलीकडून नानांचा अहिराणीतला खणखणीत आवाज आला, "काय मिस्तरी, आज कशी काय याद उनी? मनी गाडी ते बठ्ठी बरोबर शे!"

"बरोबर नाही, नाना. तिचं तेल कमी असणार. माझंच माप चुकलं. चढावर नेऊ नका, उद्या सकाळी मीच येतो तिकडे." पलीकडे आवाज चढला. मिस्त्री "हां नाना, खरंय नाना" म्हणत सगळं ऐकत राहिला.

फोन ठेवला तेव्हा बाईंचा अर्ज गेला होता. त्यांनी मोबाइल पर्समध्ये टाकला आणि काठीवर भार देऊन उठल्या.

"बदली होईल तेव्हा होईल. उद्या पोरांची गणिताची चाचणी आहे. तेल भरा. या वेळी मी मोजणार."

मिस्त्रीने गाडी चालू केली. नवं लाल तेल बारीक धारेने, थांबत थांबत ओतलं. मग दांडी काढून पुसली, फडकं बदललं, पुन्हा पुसली आणि बाईंच्या हातात दिली.

काठी बॉनेटला टेकवून बाई वाकल्या. मिस्त्री पाऊलभर मागे सरला आणि त्या काय सांगतात याची वाट पाहत उभा राहिला.