थॉर्नहोल्टचं अडलेलं दार

मी थॉर्नहोल्टची गढी बोलतेय. गढी कसली, आता साडेतीन भिंती उरल्यात, पण तोंड अजून शाबूत आहे. सहाशे वर्षांपूर्वी सर हॅमो ड्रेवेटनं ओकची झाडं तोडून, टेकडीचा पिवळा दगड फोडून मला बांधलं. मधोमध मोठं दालन, जमिनीवरच चूल आणि धूर जायला छपराला भोक. पहिली दीडशे वर्षं मी खोकतच काढली म्हणा ना.

ड्रेवेट काही देवमाणसं नव्हती. गावातला कुणाचा मेंढा त्यांच्या कुरणात शिरला की ठेवून घ्यायचे, आणि ख्रिसमसला त्याचंच मटण गावाला वाढून वर उपकार दाखवायचे. पण माणसं माझी होती. आठ पिढ्या माझ्याच माडीवर जन्मल्या आणि तिथंच मेल्या.

माझ्या पुढच्या दाराला एक खोड होती. ते पावसापाण्यात फुगायचं आणि चौकटीत घट्ट बसायचं. आतून उघडायचं तर कडी वर उचलायची, खाली डाव्या कोपऱ्यात लाथ हाणायची, मग ओढायचं. घरातल्या पोराटोरांनाही हे ठाऊक, त्यामुळे सुताराला कुणी कधी बोलावलंच नाही.

आठव्या पिढीतल्या राल्फला लंडनचं वेड लागलं. "मेंढ्यांच्या लेंड्यांत जन्म चाललाय माझा," म्हणायचा. त्यानं मला जोसाया पेनफोल्ड नावाच्या कापडवाल्याला विकायचं ठरवलं.

तेव्हा आमच्याकडे घर विकायची एक रीत होती. घर अगदी रिकामं करायचं. जुन्या मालकानं दाराची कडी नव्याच्या हातात द्यायची. नव्यानं एकट्यानं आत जाऊन दार लावायचं, मग स्वतःच उघडून बाकीच्यांना आत घ्यायचं. झालं, घर त्याचं! पण आत एक जरी माणूस राहिलं, तर सगळा व्यवहार फुकट.

आणि आत एक माणूस होतं. राल्फची आई, सिबिल. हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेली.

"आई, अर्ध्या तासाचं काम आहे," राल्फ म्हणाला. "तू आहेस तोवर माडीवरची खोली तुझीच. पेनफोल्डनं शब्द दिलाय."

"कुणासमोर?"

"माझ्यासमोर."

"म्हणजे कुणासमोरच नाही." मग तिचा आवाज उतरला. "मला हलवू नकोस रे. महिना-दोन महिने कळ काढ. तुझ्या बापाच्या खाटेवर मरू दे मला, मग गढी वीक नाहीतर माझी हाडं वीक."

राल्फनं ऐकलं नाही. फेब्रुवारीच्या बोचऱ्या वाऱ्यात तिला खुर्चीसकट अंगणात आणून ठेवलं. थॉमसिन, तिची जुनी मोलकरीण, तिच्या पायांवर घोंगडी घालत राल्फला ऐकू जाईल अशी पुटपुटली, "गाईलासुद्धा असं बाहेर काढत नाहीत."

सारा गाव जमला होता, व्यवहाराचे कागद घेऊन वकीलही आला होता. राल्फनं कडी पेनफोल्डच्या हातात दिली. मखमली टोपी सावरत तो आत गेला आणि त्यानं दार लावलं.

आदल्या दिवशी पाऊस धो धो कोसळला होता. पेनफोल्डनं दार ओढलं, हिसडलं, बुक्क्या मारल्या. मी अंग चोरून पाहिलं, पण लाकूड कुठं ऐकतंय! राल्फ पुढे धावला, तशी वकिलानं त्याची बाही धरली. "बाहेरून बोट लावलंत तर सगळं मुसळ केरात!"

लोहार ओरडला, "मालक, जेवण खिडकीतून देऊ का?" लोक फिदीफिदी हसायला लागले. तिकडे सिबिलचे ओठ निळे पडत चालले होते. शेवटी तीच खुर्चीतून कडाडली, "अरे मेल्या, कडी वर उचल आणि खाली डाव्या कोपऱ्यात लाथ घाल! डावा म्हणजे जेवतोस तो हात नव्हे, दुसरा!"

दार धाडकन उघडलं आणि पेनफोल्ड आतल्या आत ढुंगणावर आपटला. टोपी थेट चुलीच्या राखेत. अंगण खो खो हसलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं सिबिल हसली. किती महिन्यांनी हसली माझी बाई! तेच तिला भोवलं.

पेनफोल्ड उठला. तोंड लालबुंद. त्यानं वकिलाला आत घेतलं, साक्षीदारांना घेतलं, राल्फला घेतलं. दोन गड्यांनी सिबिलची खुर्ची उचलली, तसा तो दारात आडवा झाला.

"ही नाही."

थॉमसिन म्हणाली, "मालक, तुम्ही शब्द दिलाय."

"शब्द आजारी म्हातारीसाठी दिला होता. ही तर ठणठणीत आहे. हसतेय की!"

राल्फनं आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "आई, दोन दिवसांत बघतो काहीतरी," म्हणाला आणि कागदावर सही करायला वळला. दोन दिवसांनी तो लंडनच्या वाटेवर होता.

थॉमसिननं तिला समोरच्या आपल्या झोपडीत नेलं. तिथलं सगळं मला दिसायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी सिबिलनं विचारलं, "दार उघडलं का गं?"

"उघडलं, बाईसाहेब. आता नेतोच तुम्हाला."

"खाट झटकून ठेव," म्हणाली आणि गेली.

पेनफोल्डनं त्याच आठवड्यात नवं दार बसवलं. बोट लावलं की उघडायचं. काय चाटायचं होतं ते आता! त्याच्या नातवानं मला विकलं. मग एक दारू गाळणारा आला, मग कुळं आली. त्यांनी दालनात सफरचंदं नि गवत भरलं. सैनिकांनी जिना जाळून शेकोटी केली. एका हिवाळ्यात छप्परही आत कोसळलं. कोण आलं, कोण गेलं, मी मोजायचं सोडून दिलं.

परवा एक मुलगी फीत घेऊन आली होती. भिंती मोजल्या, दगडावर गाल टेकवला आणि बरोबरच्याला म्हणाली, "वाचवता येईल हिला. छप्पर घालू, बाहेर ड्रेवेट घराण्याची पाटी लावू."

पोरी, तुझं भलं होवो, पण नको. सहाशे वर्षांत एकाच जिवानं "मला आत राहू दे" म्हणून विनवलं होतं, आणि तो बाहेर थंडीत बसला असताना मी अडून राहिले. लवकर उघडले असते तर कुणी हसलं नसतं, आणि ती आपल्या खाटेवर गेली असती. येत्या एक-दोन हिवाळ्यांत या भिंतीही पडतील. पडू देत.