सातव्या पिंपाचा वास

परीक्षक बाईंनी सातव्या पिंपातली वाइन नाकाशी नेली, ग्लास खाली ठेवला आणि एका वाक्यात आमची अब्रू काढली. "ह्याला ओल्या भिंतीचा वास आहे. बाटल्यांत चौथं पिंप भरा."

बाबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चाळीस वर्षं ते ह्या तळघरात वाइन करतात. दरवर्षी सगळ्यांत चांगलं एक पिंप निवडायचं आणि त्याच्या बाटल्यांवर स्वतःची सही करायची, ही त्यांची रीत. यंदा पहिल्यांदाच सही माझी होती. मी मागच्या भिंतीलगतचं सातवं निवडलं होतं आणि बाबांनी खूश होऊन मान डोलावली होती.

बाई गेल्यावर ते म्हणाले, "पुस्तकं वाचून नाक येत नाही. तुला येतो का वास?"

मी पुन्हा हुंगलं. शप्पथ, काही नाही.

खरं तर मला बाईंचा राग यायला हवा होता, पण संशय आला तो माझ्याच नाकाचा. एक तर बाईंना नसलेला वास येत होता, नाहीतर आम्हा दोघांना असलेला येत नव्हता. आपला तो बाब्या म्हणतात, तसं तर झालं नव्हतं? पण कळायचं कसं? ज्या तळघरात मी रांगायला शिकले तिथेच उभं राहून तिथल्या भिंतीचा वास शोधायचा? स्वतःच्या घराचा वास कुणाला येतो! बाहेरचं माणूस दारात नाक मुरडतं तेव्हा कळतं.

मी दोन्ही पिंपांतली एकेक बाटली भरली आणि चार दिवस मावशीकडे निघाले.

"आत्ता? ऐन कामाच्या वेळी?" बाबा म्हणाले.

"नाक धुवायला."

मावशीची लाँड्री आहे. साबण, वाफ, गरम इस्त्रीखालचं सुती कापड, याखेरीज तिथे कसलाही वास टिकत नाही. "फुकट जेवायला घालणार नाही हं," म्हणून तिने मला पहिल्याच दिवशी चादरींच्या ढिगापुढे उभं केलं. चार दिवस मी घड्या घातल्या.

पाचव्या सकाळी मी पाठ फिरवून उभी राहिले आणि मावशीने दोन सारखे ग्लास भरले. पहिल्यात पिकलेल्या फळांचा स्वच्छ, आंबटगोड वास होता. दुसरा ग्लास नाकापर्यंत पोचायच्या आतच मला भिंत भेटली. ओली, पोपडे धरलेली. बाईंचं अगदी बरोबर होतं.

मावशीने ग्लास माझ्या हातातून घेऊन हुंगला. "अगं, हा तर तुझ्या आईच्या कपड्यांचा वास! लग्नानंतर ती इथे राहायला आली की मीच धुवायचे. दोनदा धुतले तरी जायचा नाही मेला."

आई त्याच भिंतीशी बसून बाटल्यांना बुचं लावायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. मी तो ग्लास सगळा प्यायले आणि मला रडू आलं.

"आवडली ना?" मावशी म्हणाली. "मग झालं तर! त्या बाईला काय विचारायचंय?"

"झालं कुठे, मावशी? मला वाइन आवडली की आई, तेच कळत नाहीये."

मावशीने पहिला ग्लास माझ्यापुढे सरकवला. मी तोही प्यायले, सावकाश. ती वाइन चांगली होती. तिच्यात माझं कुणीच नव्हतं, तरी चांगली होती.

घरी आल्या आल्या बाबांनी विचारलं, "काय म्हणतंय नाक?"

"वास आहे, बाबा. मी सही चौथ्या पिंपावर करतेय."

ते पायरीवर बसले. ह्याच नाकाच्या भरवशावर केलेल्या चाळीस वर्षांच्या सह्या त्यांच्या तोंडावर दिसत होत्या, मला बघवेना. मग मी मावशी काय म्हणाली ते सांगितलं. ते उठून मागच्या भिंतीजवळ गेले, नाक टेकवून हुंगलं आणि मान हलवली. त्यांना कसलाच वास येत नव्हता.

"किती दिवस राहावं लागतं तिकडे?"

"चार."

आई गेल्यापासून बाबा एक रात्रही बाहेर राहिलेले नाहीत. ते वर गेले आणि पिशवी घेऊन आले.

"सातव्यातली एक बाटली दे भरून," ते म्हणाले. "आणि बूच घट्ट लाव."