वेर्बिच्का नदीवरचा बेवारस पूल

मी वेर्बिच्का नदीवरचा लाकडी पूल बोलतोय. गोड बोलणं मला जमणार नाही, आधीच सांगतो.

दुसरं महायुद्ध संपल्यावर दोन्ही काठांच्या गावकऱ्यांनी ओकची झाडं तोडून मला उभारलं. पण नदीच्या मधोमध जिल्ह्यांची हद्द होती. डावा काठ लोझिव्का जिल्ह्याचा, उजवा यारुग्याचा. माझं अर्धं अंग एकाचं, अर्धं दुसऱ्याचं.

साठच्या दशकात वरून हुकूम आला आणि लोझिव्का मोडून यारुग्यात घातला. काही वर्षांनी पुन्हा वेगळा काढला. दर वेळी साहेब मंडळी यायची, माझ्यावर उभी राहून भाषणं ठोकायची, वोडका प्यायची, डुकराची खारवलेली चरबी खायची आणि तेलकट हात माझ्याच कठड्याला पुसायची. खिळा मात्र एकानंही ठोकला नाही. फळ्या कुजल्या. मला माझ्याच वासाची शिसारी येऊ लागली.

एका मार्चमध्ये, बर्फ वितळून नदी फुगलेली असताना, डाव्या काठावरची याव्दोखा दुधाचा कॅन घेऊन निघाली. मधोमध फळी मोडली. तिचा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि लाकडात अडकला. पोटरी खालच्या बर्फाच्या पाण्यात बुडाली. नवरा तोदोस कुऱ्हाड घेऊन धावत आला. मागोमाग दोन्ही जिल्ह्यांचे रस्तेवाले साहेबही आले.

"थांब तोदोस! ही फळी यारुग्याची आहे," डावीकडचा म्हणाला.

"आमची कशी? खांबाच्या डावीकडची तुमची. मोजून घ्या!"

आणि त्यांनी खरंच टेप काढली.

"अहो, गारठून मेले मी!" याव्दोखा ओरडली.

"जरा दम धरा बाई, हद्द ठरतेय."

"तोदोस, यांची डोकी नंतर फोड. आधी मला काढ!"

तोदोसनं कुऱ्हाड घातली. इतका सुखाचा घाव मी कधी सोसला नव्हता. पण उशीर झालाच होता. डॉक्टरांनी तिचा पाय गुडघ्याखाली कापला.

पुढं दोन हजार वीसमध्ये दोन्ही जिल्हे मोडून एकच मोठा जिल्हा केला. कचेरी लांब गेली. मला वाटलं, हद्द गेली, आता तरी मी कुणाचा तरी होईन. गावकऱ्यांनी दुरुस्ती मागितली, तर नव्या कचेरीनं कळवलं, "जुन्या जिल्ह्यांनी हा पूल आमच्याकडे सोपवलाच नाही. तो आमचा नाही."

तोवर तोदोस वारला होता, त्याची कबर पलीकडच्या काठावर. म्हाताऱ्या याव्दोखानं दोन्ही गावं गोळा केली, पाइनच्या फळ्या आणवल्या आणि स्टुलावर बसून गावच्या पोरांना हुकूम सोडू लागली.

"अरे ओनिस्को, खिळा ठोकतोस की गोंजारतोस?"

काम झालं त्याच दिवशी नवे साहेब फोटोवाला घेऊन हजर.

"आपल्या जिल्ह्यानं करून दाखवलं!" ते माझ्यावर उभे राहून म्हणाले.

"पूल तुमचा का साहेब? मग याच्यात गेलेला माझा पायही तुमच्याकडेच असेल. द्या की परत."

साहेब दात दाखवत हसले आणि फोटोवाल्याला म्हणाले, "आजींना जरा कडेला घे."

ते गेल्यावर याव्दोखानं खराटा मागवला आणि त्यांच्या बुटांची माती नदीत लोटली. "चल, तोदोसकडे जाऊन येते," ती कुबडी उचलत मला म्हणाली. मी तिला जपून पलीकडे पोचवलं.

मंडळी, नकाशात मला वाटेल त्या जिल्ह्यात घाला. फक्त त्या साहेबांची पावलं पुन्हा माझ्या अंगावर पडू देऊ नका.