बाहुलीच्या हातावरचा चावा

आमच्या चिरंजीवांना सगळे बोका म्हणतात. वय साडेतीन. पाळणाघरात कुणाच्या हातावर चावा सापडला आणि पोरांमध्ये एकाचं नाव बोका असेल, तर तपास तिथंच संपतो.

“ही तिसरी वेळ,” पाळणाघराच्या ताई म्हणाल्या. “उद्यापासून त्याची दुसरीकडे सोय बघा.”

शेजारी बाहुली नावाच्या चिमुरडीची आई बसली होती, ऑफिसातून धावतपळत आलेली. मांडीवर बाहुली, आणि बाहुलीच्या डाव्या मनगटाच्या जरा वर ताजा चावा.

दुसरीकडे सोय नव्हती. बाकीची पाळणाघरं भरलेली, सासूबाई परगावी, नवरा फिरतीवर. म्हणजे दवाखान्याला कुलूप. मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे.

“बोक्याला असं चावताच येत नाही,” मी म्हटलं.

“का? दात नाहीत त्याला?”

“वीसच्या वीस आहेत. पण पुढचे वरचे दात खालच्यांना टेकत नाहीत. मध्ये फट राहते. अंगठा चोखतो ना.”

हे सांगताना जीव गेला माझा. दवाखान्यात मी आयांना अंगठा सोडवण्यावर व्याख्यान देते. घरी दिव्याखाली अंधार.

ताईंनी बोक्याला बोलावून पावाचा तुकडा दिला. त्यानं नेहमीसारखी मान वाकडी करून दाढेनं तोडला. “पुढून चाव,” म्हटल्यावर खूप जोर लावला. पाव ओला झाला, तुटला मात्र नाही. बोक्याची निर्दोष सुटका झाली आणि तो आत खेळायला गेला.

“मग चावलं कुणी?” बाहुलीची आई म्हणाली. तिचं बरोबरच होतं.

मी बाहुलीचा हात खिडकीशी नेला. वर चार खुणा, सुट्या सुट्या. दुधाचे दात असेच विरळ असावेत; पुढे मोठे दात यायचे असतात, त्यांना जागा नको? खाली मात्र तीनच खुणा, त्यातली एक दुप्पट रुंद. दोन दात जुळून एक झालेला. असं तोंड क्वचित बघायला मिळतं.

“सगळ्यांचे दात बघते,” मी म्हटलं. “मुलं बिचकू नयेत म्हणून आधी बाहुली. आ कर गं.”

बाहुलीनं भला मोठा आ केला. खाली, अगदी पुढे, जुळा दात.

मला इतका आनंद झाला की माझीच मला लाज वाटली. तरी मी सांगून टाकलं.

“स्वतःच स्वतःला?” ताईंचा विश्वास बसेना.

“का गं राणी?” तिच्या आईनं विचारलं.

“चावलं की ताई फोन करतात,” बाहुली म्हणाली. “मग तू येतेस.”

तिची आई “बरं” एवढंच म्हणाली. मग तिनं बाहुलीला असं काही आवळून धरलं की पोरगी “दुखतंय” म्हणून ओरडली.

ताईंनी माझी माफी मागितली. मी ती मोठ्या मनानं स्वीकारली. दुपार तशीही वाया गेली होती, म्हणून बोक्याला न्यायला आत गेले. तो ठोकळे रचत होता.

“चल, घरी जाऊ या.”

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग आपले दोन्ही हात उलटसुलट करून नीट तपासले.

“पण मला कुणी चावलं नाही,” तो म्हणाला.